एमसीबी म्हणजे काय? खटका पडतो तेव्हा नेमकं काय होतं आणि शॉक बसताना तो का पडत नाही?

सकाळची घाई असते. गीझर सुरू आहे, इंडक्शनवर चहा ठेवलाय आणि कुणीतरी इस्त्री लावते. थोड्या वेळाने 'खट्' असा आवाज येतो आणि अर्ध्या घरातली वीज जाते. दारामागच्या डब्यात एक खटका खाली आलेला दिसतो. तो वर केला की सगळं पुन्हा सुरू. बहुतेक घरांमध्ये एमसीबीशी असलेली ओळख इथे सुरू होते आणि इथेच संपते.

त्यातून एक समज पक्का झाला आहे: 'आमच्याकडे एमसीबी आहे, त्यामुळे शॉकची भीती नाही.' हा समज चुकीचा आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. एमसीबी काय करतो, काय करत नाही आणि त्याच डब्यात त्याच्यासारखे दिसणारे बाकीचे खटके कशासाठी असतात, हे समजून घेऊया.

एमसीबी या शब्दाचा अर्थ काय?

एमसीबी म्हणजे मिनिएचर सर्किट ब्रेकर. मिनिएचर म्हणजे छोटा, सर्किट म्हणजे विजेचा मार्ग किंवा परिपथ आणि ब्रेकर म्हणजे तो मार्ग तोडणारा. थोडक्यात, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वीजप्रवाह वाहू लागला की स्वतःहून मार्ग तोडणारं छोटं उपकरण.

'छोटा' हा शब्द मोठ्या ब्रेकरच्या तुलनेत आला आहे. वीज उपकेंद्रांत आणि कारखान्यांत माणसाच्या उंचीचे ब्रेकरही असतात. घरातला ब्रेकर दोन बोटांत मावतो, म्हणून तो मिनिएचर.

बोलताना आपण 'एमसीबी स्विच' म्हणतो. कुणी 'एमसीबी पडला' म्हणतं, कुणी 'पडली', कुणी 'ट्रिप झाला', तर कुणी नुसतंच 'खटका पडला'. अर्थ एकच. पण साधा स्विच आणि एमसीबी यांत मोठा फरक आहे. पंख्याचा स्विच तुम्ही दाबला तरच बंद होतो. एमसीबी हाताने बंद करता येतोच, शिवाय वेळ पडली तर तो स्वतःच बंद होतो.

एमसीबीच्या आधी काय होतं?

आधी फ्यूज होता. शाळेच्या पुस्तकात त्याला 'वितळतार' म्हणतात आणि हा शब्द त्याचं काम नेमकं सांगतो. प्रवाह जास्त झाला की बारीक तार तापते, वितळते आणि मार्ग तुटतो. जुन्या घरांत आजही मीटरजवळ पांढऱ्या चिनी मातीचे फ्यूज दिसतात. वायरमन त्यांना 'किटकॅट' म्हणतात. फ्यूज उडणं हा प्रकार इतका ओळखीचा होता की 'डोक्याचा फ्यूज उडाला' असं आपण आजही म्हणतो.

फ्यूजची अडचण होती ती माणसांची. तार वितळली की नवी बांधावी लागायची. योग्य जाडीची तार हाताशी नसली की कुणीतरी जाड तांब्याची तार गुंडाळून मोकळं व्हायचं. मग फ्यूज उडायचा नाही, पण भिंतीतली वायर तापत राहायची. संरक्षण फक्त नावापुरतं उरायचं.

यावर उपाय म्हणून पुन्हा पुन्हा वापरता येईल असा ब्रेकर आला. उष्णता आणि चुंबक या दोन्ही तत्त्वांवर चालणारा छोटा ब्रेकर 1924 मध्ये जर्मनीतल्या मानहाइम शहरातल्या ह्यूगो स्टोट्झ यांच्या कंपनीत तयार झाला. फ्यूजच्या जागी फिरकीसारखा बसवता येईल, असं त्याचं सुरुवातीचं रूप होतं. आज आपल्या घरातला एमसीबी त्याच दोन तत्त्वांवर चालतो.

आत नेमकं काय घडतं?

एमसीबीमध्ये दोन स्वतंत्र पहारेकरी असतात. एक सावकाश काम करतो, दुसरा क्षणात.

पहिला पहारेकरी म्हणजे दोन वेगवेगळ्या धातूंची जोडपट्टी. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी. त्यामुळे पट्टी वाकते. प्रवाह थोडा जास्त असेल तर ती हळूहळू वाकते आणि काही वेळाने खटका सोडते. हे ओव्हरलोडपासूनचं संरक्षण.

दुसरा पहारेकरी म्हणजे तारेची गुंडाळी. शॉर्ट सर्किट झालं की प्रवाह एकदम अनेक पटींनी वाढतो. गुंडाळीचं जोरदार चुंबक होतं आणि ते खटका ओढून टाकतं. ही क्रिया सेकंदाच्या अगदी छोट्या भागात होते.

मार्ग तुटताना आत ठिणगी पडते. ती विझवण्यासाठी धातूच्या पातळ पट्ट्यांची एक जाळी असते. ठिणगी तिच्यात शिरते, तिचे तुकडे होतात आणि ती विझते.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. पडणारा एमसीबी चिकटपट्टी लावून किंवा काडी अडकवून वर धरून ठेवला तरी उपयोग नसतो. दांडी वर दिसत असली तरी दोष आला की आतले संपर्क सुटतातच. त्याची रचनाच तशी केलेली असते.

त्यावर छापलेल्या 'सी16' आणि '6000' चा अर्थ काय?

डब्याचं झाकण उघडून एमसीबी नीट पाहिला तर त्यावर काही अक्षरं आणि आकडे दिसतात.

• 16: हा अँपिअरचा आकडा. म्हणजे हा एमसीबी 16 अँपिअर प्रवाह कायम वाहू देईल. घरात साधारणपणे 6, 10, 16, 20, 25 आणि 32 अँपिअरचे एमसीबी दिसतात.

• बी, सी किंवा डी: अचानक वाढलेल्या प्रवाहाला एमसीबी किती लवकर बिचकतो, हे या अक्षरावरून कळतं. 'बी' प्रकार 3 ते 5 पट प्रवाहाला लगेच पडतो, 'सी' 5 ते 10 पटीला आणि 'डी' 10 ते 20 पटीला. फ्रिज, एसी किंवा पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह खेचते. तेवढ्याने खटका पडू नये, म्हणून अशा उपकरणांसाठी सहसा 'सी' वापरतात.

• 6000 किंवा 10000: हा आकडा एका छोट्या चौकटीत असतो. शॉर्ट सर्किटच्या वेळी किती अँपिअरपर्यंतचा प्रवाह हा एमसीबी सुरक्षितपणे तोडू शकतो, हे तो सांगतो.

16 अँपिअरचा एमसीबी 16 अँपिअरला पडतो का?

नाही. ही गोष्ट बऱ्याच जणांना चकित करते.

घरगुती एमसीबीसाठीच्या मानकानुसार, ठरलेल्या प्रवाहाच्या 1.13 पट प्रवाहाला तो एक तासापर्यंत पडता कामा नये आणि 1.45 पट प्रवाहाला एका तासाच्या आत पडलाच पाहिजे. 16 अँपिअरच्या एमसीबीसाठी हे आकडे अंदाजे 18 आणि 23 अँपिअर होतात. मधल्या पट्ट्यात तो पडू शकतो किंवा नाहीही. डबा किती तापलाय, शेजारचे एमसीबी किती गरम आहेत, यावर ते ठरतं.

आता सुरुवातीचं उदाहरण पाहू. प्रवाह काढायचं गणित सोपं आहे: उपकरणाचे वॉट भागिले 230 व्होल्ट.

• 2,000 वॉटचा गीझर: 8.7 अँपिअर
• 2,000 वॉटचं इंडक्शन: 8.7 अँपिअर
• 1,000 वॉटची इस्त्री: 4.3 अँपिअर

ही तिन्ही उपकरणं एकाच 16 अँपिअरच्या एमसीबीवर असतील तर एकूण प्रवाह होतो 21.7 अँपिअर. म्हणजे बरोबर त्या मधल्या पट्ट्यात. म्हणूनच इस्त्री लावल्या लावल्या खटका पडत नाही, काही वेळाने पडतो. आणि म्हणूनच 'काल चाललं, आज का नाही?' असा प्रश्न पडतो. एमसीबी बिघडलेला नसतो. तो त्याचं काम करत असतो.

'सारखा पडतो, मोठा टाकून द्या' म्हटलं तर?

हा सगळ्यात सोपा दिसणारा आणि सगळ्यात धोकादायक उपाय आहे.

एमसीबीचा आकडा उपकरणांवरून नाही, तर भिंतीतल्या वायरच्या जाडीवरून ठरतो. आपल्याकडे साधारणपणे दिवे-पंख्यांच्या 1.5 स्क्वेअर एमएम वायरला 6 किंवा 10 अँपिअरचा आणि 2.5 स्क्वेअर एमएम वायरला 16 अँपिअरचा एमसीबी लावतात. गीझर आणि एसीसाठी बऱ्याचदा 4 स्क्वेअर एमएमची वेगळी वायर ओढलेली असते.

आता 16 चा एमसीबी काढून 32 चा लावला, पण वायर तीच ठेवली, तर काय होईल? खटका पडायचा थांबेल. वायर मात्र तिच्या क्षमतेपेक्षा जास्त तापेल. तिच्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण हळूहळू कडक होईल, तडकेल आणि एक दिवस आतल्या आत शॉर्ट सर्किट होईल. फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळण्याचाच हा नवा अवतार आहे.

योग्य उपाय दोनच. एका लाईनवरचा भार कमी करा किंवा जास्त वीज खाणाऱ्या उपकरणासाठी योग्य जाडीची वेगळी लाईन ओढून घ्या.

सगळ्यात मोठा गैरसमज: एमसीबी शॉकपासून वाचवतो?

एमसीबी वायरचं रक्षण करतो, माणसाचं नाही. हे आकड्यांवरून लगेच कळतं.

ओल्या हाताने किंवा अनवाणी पायाने कुणाचा हात विजेच्या फेज तारेला लागला, असं समजा. शरीराचा रोध परिस्थितीनुसार बदलतो. तो 1,500 ओहम धरला तर 230 भागिले 1,500, म्हणजे साधारण 0.15 अँपिअर प्रवाह शरीरातून जाईल. मिलिअँपिअरमध्ये सांगायचं तर 150.

इतका प्रवाह माणसाच्या हृदयासाठी घातक ठरू शकतो. 10 मिलिअँपिअरच्या आसपासच स्नायू आखडून हात तारेला धरून राहण्याची भीती असते. पण 16 अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने 150 मिलिअँपिअर म्हणजे त्याच्या क्षमतेच्या एक टक्क्याहूनही कमी. त्याला वाटतं, घरात एखादा दिवा लागला आहे. माणूस तारेला चिकटलेला असतो आणि खटका वरच असतो.

मग माणसाला कोण वाचवतं? आरसीसीबी.

आरसीसीबी काय करतो?

आरसीसीबी म्हणजे रेसिड्युअल करंट सर्किट ब्रेकर. आपल्याकडे बरेच जण त्याला अजूनही ईएलसीबी म्हणतात. ते खरं तर जुन्या प्रकारच्या उपकरणाचं नाव, पण बोलण्यात दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात.

त्याचं काम हिशेब तपासण्यासारखं आहे. फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. फरक आला, याचा अर्थ मधे कुठेतरी वीज गळते आहे. ती ओल्या भिंतीतून जात असेल, गीझरच्या पत्र्यातून किंवा एखाद्याच्या शरीरातून. फरक ठरलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचला की आरसीसीबी मार्ग तोडतो.

माणसाच्या संरक्षणासाठी ही मर्यादा 30 मिलिअँपिअर असते. 16 अँपिअर म्हणजे 16,000 मिलिअँपिअर. म्हणजे दोन्ही उपकरणांच्या संवेदनशीलतेत पाचशे पटींहून जास्त फरक आहे. वेळेचा हिशेबही महत्त्वाचा. 30 मिलिअँपिअर गळतीला त्याने 0.3 सेकंदाच्या आत पडायला हवं आणि वरच्या उदाहरणातल्या 150 मिलिअँपिअरला 0.04 सेकंदात.

पण आरसीसीबीलाही मर्यादा आहेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला आणि गळती जमिनीकडे झाली नाही, तर हिशेब जुळतो आणि तो पडत नाही. शिवाय तो ओव्हरलोडपासून वाचवत नाही. म्हणून घरात दोन्ही लागतात. दोन्हींचं काम एकाच उपकरणात हवं असेल तर आरसीबीओ मिळतो.

अर्थिंगचा यात काय संबंध?

गीझरच्या आतली फेज तार सुटून धातूच्या भागाला टेकली, असं समजा. अर्थिंग चांगलं असेल तर मोठा प्रवाह अर्थच्या तारेतून वाहतो आणि एमसीबी लगेच पडतो. कुणाचा हात लागण्याआधीच गीझर बंद झालेला असतो.

अर्थिंग नसेल तर प्रवाहाला जायला मार्गच नसतो. एमसीबी पडत नाही आणि गीझरचा धातूचा भाग जिवंत तारेसारखा वाट पाहत राहतो. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घालणं म्हणूनच घातक आहे.

डब्यातले खटके कसे ओळखायचे?

• एमसीबी: अरुंद, त्यावर 'सी16' सारखं लिहिलेलं. ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटला पडतो.

• आयसोलेटर: दिसायला एमसीबीसारखाच, सहसा दुप्पट रुंद आणि डब्यात मेन स्विच म्हणून लावलेला. तो स्वतःहून कधीच पडत नाही. फक्त हाताने बंद करता येतो.

• आरसीसीबी: रुंद, त्यावर '30 एमए' असा आकडा आणि 'टी' अक्षर असलेलं छोटं बटण. गळतीला पडतो.

• आरसीबीओ: 'टी' बटणही आणि 'सी16' सारखं लेखनही. दोन्ही कामं करतो.

सोपी खूण लक्षात ठेवा. डब्यात एकाही खटक्यावर 'टी' बटण नसेल, तर त्या डब्यात शॉकपासून संरक्षण देणारं उपकरण बहुधा नाही.

एमसीबी पडला तर काय करायचं?

1. लगेच वर करू नका. आधी त्या लाईनवरची सगळी उपकरणं बंद करून त्यांचे प्लग काढा.

2. दांडी आधी पूर्ण खाली करा, मग वर करा. काही एमसीबींची दांडी पडल्यावर मधेच थांबते.

3. काहीच जोडलेलं नसतानाही तो पुन्हा पडला, तर दोष वायरिंगमध्ये किंवा खुद्द एमसीबीमध्ये असू शकतो. तिथेच थांबा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा.

4. तो टिकला, तर एकेक उपकरण जोडत जा. ज्याला लावल्यावर खटका पडेल, ते बाजूला काढा.

5. जळका वास, करपलेलं प्लॅस्टिक किंवा हाताला चटका बसेल इतका गरम एमसीबी दिसला, तर मेन बंद करा. सैल बसलेला स्क्रू हेही एमसीबी तापण्याचं नेहमीचं कारण असतं.

रोजच्या वापराचा स्विच म्हणून एमसीबी वापरला तर चालतो का?

एसीजवळच्या डब्यात अनेकदा एमसीबीच असतो आणि तोच रोज चालू-बंद केला जातो. मानकानुसार पूर्ण प्रवाहावर 4,000 वेळा चालू-बंद होण्याची चाचणी एमसीबीला पार करावी लागते. दिवसातून एकदा वापरला तर हे 10 वर्षांहून जास्त होतं. पण दुकानात, मांडवात किंवा सभागृहात दिवसातून 10-20 वेळा दिवे एमसीबीनेच चालू-बंद केले, तर ती मर्यादा वर्षभरात गाठली जाऊ शकते. तिथे वेगळा स्विच लावलेला बरा.

दुरुस्तीच्या वेळी आणखी एक काळजी घ्या. एका खांबाचा, म्हणजे सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. वायरिंग करताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली असेल तर एमसीबी बंद असूनही तार जिवंत राहू शकते. म्हणून काम करण्याआधी मेन बंद करा आणि टेस्टरने खात्री करा.

पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडतो, काढून टाकावा का?

नाही. पावसाळ्यात भिंती ओल्या होतात, बाहेरच्या दिव्यांत आणि गच्चीवरच्या जोडण्यांत पाणी शिरतं आणि गळती वाढते. आरसीसीबी पडतो कारण गळती खरोखर होत असते. त्याला वगळून थेट जोडणी करणं म्हणजे आग लागल्यावर ओरडणाऱ्या माणसाचं तोंड बांधण्यासारखं आहे. गळती कुठे आहे ते शोधून दुरुस्त करणं, हाच मार्ग.

कुणाला शॉक बसत असेल तर?

त्या व्यक्तीला हात लावू नका. आधी मेन बंद करा. मेन लांब असेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने तार दूर करा. घराबाहेरच्या वीजवाहिनीची तार तुटून पडली असेल तर जवळ जाऊच नका, लगेच वीज कंपनीला कळवा. व्यक्ती सुटली की 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. श्वास किंवा नाडी थांबली असेल तर प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीने सीपीआर सुरू करावा.

आणि ही वेळ येण्याआधी एक काम करता येईल. घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांनाही, मेन स्विच कुठे आहे आणि तो कसा बंद करायचा हे दाखवून ठेवा. डब्यातल्या प्रत्येक खटक्याखाली 'किचन', 'गीझर', 'हॉल' अशी चिठ्ठी लावा. आरसीसीबी असेल तर त्याचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. दाबल्यावर तो पडला नाही, तर तो बदलायची वेळ आली आहे.